फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आम्ही ३०,५३० रुपयांना घेतलं

आधी आकडा सांगून टाकतो. तीस हजार पाचशे तीस रुपये. यातले २४,०८० फोनवरून गेले आणि ६,४५० रोख, माझ्याच हातानं मोजून. मी पतसंस्थेत बावीस वर्षं कॅशियर आहे. फाटकी नोट, खोटी नोट बोटाला कळते असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे. आता म्हणत असतील की नाही, माहीत नाही.

गावाचं, जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. माझी लाज हे एक कारण. दुसरं म्हणजे मुलीला अजून त्याच कार्यालयांतून दाखले काढायचे आहेत.

मुलीला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, अकरावीत पुस्तकातली अक्षरं गेली. बारावी तिनं लेखनिक घेऊन दिली, ७१ टक्के मिळवले आणि बी.ए.ला प्रवेश घेतला. कॉलेजच्या सरांनी सांगितलं, लॅपटॉप घ्या, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, पोरगी स्वतः अभ्यास करेल. लॅपटॉप जुना घेतला, बावीस हजारांना. तो व्यवहार सरळ झाला, ते पैसे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

गेल्या जूनमध्ये यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, कामासाठी सिव्हिलच्या शिबिरात गेलो होतो. सकाळी सातला रांग लावली, अकरापर्यंत डॉक्टरचा पत्ता नव्हता. मांडवाच्या कडेला एकजण टेबल टाकून बसला होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर तिरंगी पट्टी. रांगेतल्या लोकांना तो पाणी देत होता. त्या शिबिरात आम्हाला ‘बसा’ म्हणणारा तेवढा एकच माणूस होता, हे विसरू नका. फॉर्म भरून देतो म्हणाला, भरूनही दिला. आधार, दाखला, फोन नंबर, सगळं त्याच्या मोबाईलमध्ये गेलं.

(फॉर्म भरून घ्यायला कुणी मांडवात बसलेलं लागत नाही. यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर घरबसल्या करता येतो आणि त्याला फी नाही. नेटकॅफेवाल्याचे पन्नास-शंभर द्यायचे असतील तर द्या, पण कार्डाचे पैसे म्हणून कुणाला काही देऊ नका.)

चार दिवसांनी त्याचा फोन. ‘तुमच्या मॅडमचं नाव यादीत आलंय.’ माझ्या एकोणीस वर्षांच्या पोरीला मॅडम म्हणणारा पहिला माणूस! स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची किंमत ७२,००० रुपये, ८० टक्के सबसिडी, आपला लाभार्थी हिस्सा २० टक्के, म्हणजे १४,४००. नोंदणी शुल्क १,००० अधिक जीएसटी, १,१८०. आता तुम्ही हसाल, पण आमच्याकडे ठिबक बसवताना शेतकरी हिस्सा भरतोच ना? पाइपांवर सबसिडी मिळते तर कॉम्प्युटरवर का मिळू नये? जॉज नावाचं असंच एक सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, महाग असतं, हे सरांकडून ऐकलं होतंच. त्यामुळे ७२,००० ऐकून मी दचकलो नाही. उलट ५७,६०० वाचले म्हणून घरी पेढे आणले.

यूपीआयवर पैसे पाठवताना नाव आलं ते एका माणसाचं. संस्थेचं नाही, ट्रस्टचं नाही. रोज काउंटरवर मी लोकांना सांगतो, ‘नाव बघा, मग पाठवा.’ मी नाव बघितलं आणि पाठवले. म्हटलं, अकाउंटंटचं असेल.

पण खरी खूण ती नव्हती. खरी खूण तो घरी लॅपटॉप लावायला आला त्या दिवशी मिळाली, आणि ती मला मिळाली नाही.

बायकोनं पोहे केले. त्यानं पेनड्राइव्ह लावला, दोन-चार बटणं दाबली. लॅपटॉपमधून एक छोटीशी धून वाजली आणि मशीन इंग्रजीत बोलायला लागलं. मी इतका हरखलो होतो की शब्द कानावर आलेच नाहीत. माझे डोळे त्याच्या पावतीवर होते. जाड कागद, सोनेरी किनार, वर सॉफ्टवेअरचं भपकेबाज संस्कृत नाव. पोरगी पलंगावर बसली होती. ती म्हणाली, ‘पप्पा, हे वेलकम टू एनव्हीडीए म्हणतंय. आमच्या ग्रुपवरची मुलं हेच फुकट डाउनलोड करतात.’

तो क्षणभर थांबला. तो थांबला हे मी बघितलं, शपथेवर सांगतो. मग म्हणाला, ‘ते आतलं इंजिन आहे मॅडम, आपलं व्हर्जन सरकारी आहे.’

आणि मी काय म्हटलं असेल? ‘गप गं जरा, साहेब काम करतायत.’

पोरीला दिसत नाही म्हणून तिच्या वतीनं मी बघत होतो. बघून काय बघितलं, तर सोनेरी किनार. तिनं कानानं चोर पकडला होता आणि मी तिला गप्प केलं. तीस हजार पुन्हा कमावता येतात. हे वाक्य मात्र रात्री दोनला उठून ऐकू येतं.

पुढचं भराभर सांगतो. इन्स्टॉलेशन आणि प्रशिक्षणाचे ३,५०० रोख. मराठी आवाज वेगळा म्हणून २,९५० रोख. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन ईस्पीक नावाचं बोलणारं इंजिन निवडलं, त्यात मराठी निवडली, झालं. पाच मिनिटं. ते ईस्पीक एनव्हीडीएबरोबर आपोआप येतं, मराठीसकट, हे मला महिन्यानं कळलं. जाताना मुलीच्या शेजारी मला उभं करून लॅपटॉपसह फोटो काढला, ‘वरती पाठवायला लागतो’ म्हणून. त्यानंतर ३ जुलैला डेझी प्लेअर (बोलकी पुस्तकं ऐकवणारं यंत्र) आणि ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचं बोटांनी वाचायचं यंत्र) यांसाठी परत मिळणारी अनामत, ८,५००. ती वस्तू अजून यायची आहे. आधी ‘कुरिअरला टाकलंय’, मग ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, मग फोन बंद.

२१ जुलैला पोरीनं चुलतभावाचा लॅपटॉप मागवला. माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. एनव्हीडीएच्या वेबसाइटवरून ती फाइल उतरवली. तिथं देणगी मागतात, द्यायची तर द्या, नाही तर तसंच पुढे जा. फाइल चालू केली तशी तीच धून वाजली. तोच ‘वेलकम’. मग तिनं आमचा लॅपटॉप चालू केला. पुन्हा तीच धून. ‘ऐका,’ एवढंच म्हणाली. ते इन्स्टॉलरसुद्धा स्वतः बोलतं, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाला ते बसवायला डोळस माणूस लागू नये अशी सोय आहे. त्याचे मी ३,५०० दिले होते. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली हे काम सुरू केलं ते विकतचं परवडत नाही अशांसाठीच, हेही तिनंच सांगितलं.

आता पोलिसांचं ऐका. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनी विचारलं, पैसे कधी गेले? म्हटलं, अठरा दिवस झाले. पलीकडून सुस्कारा. (तुम्ही त्याच तासाला करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तर अडतात.) तक्रार नोंदवली, नंबर दिला. तो घेऊन ठाण्यात गेलो तर म्हणाले जिल्ह्याला सायबरला जा. सायबरला गेलो तर म्हणाले हद्द ठाण्याची. एसटीचं भाडं, दोन रजा. तिसऱ्या खेपेला सायबरचा एक तरुण हवालदार भेटला, हुशार होता. त्यानं मोबाईलवर लायसन्स वाचलं आणि म्हणाला, ‘काका, हे फुकट आहे, पण विकायला बंदी नाही. वस्तू तुम्हाला मिळालीये. सबसिडीचं लेखी कुठाय?’ पावती पाहिली. सोनेरी किनारीच्या आत फक्त ‘सेवा शुल्क’ लिहिलेलं. बावीस वर्षं पावत्या फाडतोय मी!

ठाण्यात जबाब लिहून झाला तर तिथले जमादार म्हणाले, मुलीला दिसत नाही, अंगठा घ्या. ती म्हणाली, मी सही करते. ‘वाचता येत नाही तर सही कशाला?’ बी.ए.ला असलेली पोरगी! तिनं कागदाच्या कडेला बोट लावलं आणि सही केली, सरळ रेषेत. माझीच सही त्या दिवशी वाकडी आली.

समाजकल्याणला अर्ज दिला. साहेब म्हणाले, ‘अशी योजनाच आमच्याकडे नाही, तर तक्रार आमच्याकडे कशी?’ अहो, योजना नाही हीच तर तक्रार! बरं, तो माणूस तुमच्याच शिबिराच्या मांडवात बसला होता. तर म्हणे, मांडव सिव्हिलचा. सिव्हिलवाले म्हणे, मांडव डेकोरेटरचा. आवक क्रमांक मागितला तर शिक्का मारणारी बाई रजेवर. बँक म्हणाली, तुम्हीच पिन टाकलात. खरंय. मीच टाकला. पण माझ्या मुलीला नेमकं काय मिळू शकतं हे सांगणारा एक साधा कागद त्या भिंतींवर लावला असता तर? भिंतीवर होतं काय, ‘थुंकू नये’.

तो कागद मीच इथं लिहितो, माझ्या परीनं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अडिप योजनेत महिना साडेबावीस हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर साधनं पूर्ण मोफत मिळतात. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी मोजमापाची आणि वाटपाची शिबिरं घेते. यूपीआयवर अनामत मागणारा त्यांचा नव्हे. अँड्रॉइड फोनमधलं स्क्रीन वाचणारं टॉकबॅक फुकट. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात न दिसणाऱ्यांसाठी पुस्तकं फुकट. आपल्या नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला पाच टक्के दिव्यांग निधीचं काय केलं ते लेखी विचारा, तोंडी विचारू नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. मी दावा टाकलाय, पण नोटीस परत आली, पावतीवरचा पत्ता पुण्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. आणि विकत काही घेण्याआधी ते रोज वापरणाऱ्या माणसाला फोन करा. डोळस नातेवाइकाला नको. माझ्यासारख्याला तर मुळीच नको.

हे सगळं गिळून गप्प बसणार होतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातून एका बापाचा फोन आला. त्याच्या मुलाला दिसत नाही. ‘तुमच्या मुलीला सॉफ्टवेअरचा फायदा झाला का हो? तुमचा फोटो पाठवलाय त्यांनी, खाली तुमचा नंबर आहे.’

तेव्हा तो फोटो तुमच्याकडेही येईल. निळ्या शर्टातला, दात दाखवून हसणारा माणूस मी. शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली मुलगी हसत नाहीये.