२००० ते २००९ मधले शूटर गेम: आज इन्स्टॉल करण्यालायक कोणते?

त्या दशकातल्या फर्स्ट पर्सन शूटरची (नायकाच्या डोळ्यांनी बघत खेळायचे गोळीबाराचे गेम) कुठलीही यादी काढा, पहिल्या पाचांवरून भांडण ठरलेलंच. इथे कसोटी एकच: आठवणी बाजूला ठेवून आज गेम चालू केला, तर गोळी झाडताना मजा येते का? ग्राफिक्स जुने असणारच, त्याचे गुण कापलेले नाहीत.

एकट्याने खेळायचं असेल तर पहिला नंबर 'फिअर'चा (२००५, मोनोलिथ). भुताटकीची गोष्ट बेताची, ऑफिसांचे कॉरिडॉर एकाच साच्यातले. पण चकमकी मात्र लाजवाब. सैनिक टेबलं उलटवून आडोसा करतात, खिडकीतून उड्या टाकतात, पाठीमागून येऊन गाठतात. जेफ ऑर्किनने बांधलेल्या या एआयची गंमत म्हणजे 'घेराव घाला' असा हुकूम त्यात मुळात नाही. प्रत्येक सैनिक आपल्यापुरती सुरक्षित जागा शोधतो. ती तुमच्या मागे निघाली की घेरल्यासारखं दिसतं, आणि वर त्यांची आरडाओरड आहेच. स्लो-मोशन अडचणीत सापडल्यावर वापरायची सवय असते, ती मोडा. दारातून आत शिरतानाच लावा आणि हातात शॉटगन ठेवा. बंदुका तीनच बाळगता येतात, मेडकिट मात्र दहापर्यंत साठतात, त्यामुळे कंजुषी नको.

आजच्या विंडोजवर यात एक जुनं दुखणं आहे: खेळता खेळता फ्रेमरेट (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) गळत जातो. लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या देतात, पण दोष तिथे नाही. यूएसबीवरचा माऊस, कीबोर्ड वगैरे विंडोजला अनेक जास्तीची एचआयडी डिव्हाइसेस म्हणून दिसतात आणि गेमचं डायरेक्ट-इनपुट (माऊस-कीबोर्ड वाचणारा भाग) त्यातच अडकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस' उघडा आणि एचआयडी-कम्प्लायंट नावाच्या जास्तीच्या नोंदी एकेक डिसेबल करून बघा. माऊसच बंद पडला तर तीच नोंद परत सुरू करायची. ही कटकट नको असेल तर चाहत्यांनी बनवलेली 'डीइनपुट८' डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाका. सॉफ्ट शॅडोज बंद ठेवा, अँटी-अलायझिंगशी (चित्रातल्या कडा गुळगुळीत करणारी सोय) त्यांचं पटत नाही.

'हाफ-लाइफ २' (नोव्हेंबर २००४) मध्ये बंदुका तशा साध्याच, पण तो शिकवतो फार छान. छताला चिकटलेल्या बार्नॅकल या प्राण्याच्या लोंबत्या जिभेखाली एखादं पिंप ढकला. तो ते मुकाट ओढून घेतो आणि तुम्ही खालून निघून जाता. कुठेही सूचना नाही. रेव्हनहोम या गावात ग्रॅव्हिटी गनने (वस्तू उचलून फेकणारी बंदूक) करवतीची पाती उचलून झाडा, एका पात्यात झोंबीचे दोन तुकडे होतात आणि तेच पातं भिंतीतून काढून परत वापरता येतं. गोळ्या वाचतात. एअरबोटचं प्रकरण लांबलंय, ते सोसा. २०२४ च्या अपडेटपासून पुढचे दोन्ही भाग (एपिसोड) मुख्य गेममध्येच मिळतात.

मल्टिप्लेयरमध्ये 'काउंटर-स्ट्राइक १.६' (२००३) ला तोड नाही: एकीकडे दहशतवादी, दुसरीकडे पोलिस. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या सायबर कॅफेत तो चालला तो फक्त हलका होता म्हणून नव्हे. त्याचा हिशेब पक्का आहे. गेममधल्या पैशांनी राउंडच्या सुरुवातीला हत्यारं घ्यायची, पहिल्यांदा हातात ८०० डॉलर. एके-४७ ला २५००, एम४ ला ३१००, एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलला ४७५०. एके महाग नाही, तरी हेल्मेट घातलेल्याला डोक्यात एकाच गोळीत पाडते. एम४ ला दुसरी गोळी लागते. नवखे हमखास चुकतात ते दुसऱ्या राउंडला: पहिला, पिस्तुलांवर खेळायचा राउंड हरल्यावर १५०० ची एमपी५ घेतात आणि तिसऱ्या राउंडला खिसा रिकामा. हरलात तर सगळ्यांनी मिळून पैसे राखा. पोलिसांच्या बाजूने २०० डॉलरचं डिफ्यूज किट चुकवू नका, बॉम्ब निकामी करायला १० ऐवजी ५ सेकंद लागतात. पळता पळता झाडलेली गोळी वाया जाते. आधी थांबा, मग दोन-तीन गोळ्यांचे हप्ते द्या. लांबून सलग ट्रिगर दाबला की नेम आकाशात. 'डस्ट २' या नकाशावर राउंड सुरू होताच मधल्या दरवाजांच्या फटीतून एडब्ल्यूपीची गोळी येते, तिथून आडवं जाताना उगाच रेंगाळू नका. ऑप्शन्समध्ये रॉ इनपुट चालू करा, म्हणजे विंडोजचा माऊस-वेग आड येत नाही.

'कॉल ऑफ ड्यूटी ४' (२००७) ची मोहीम छोटी, चटपटीत. व्हेटरन या सर्वांत अवघड पातळीवर मात्र काही ठिकाणी शत्रू संपतच नाहीत. आडोशाला बसून ते संपायची वाट बघू नका. ठरलेल्या अदृश्य रेषेपुढे गेलात की नवे येणं थांबतं. स्मोक ग्रेनेड (धुराचा बॉम्ब) फेका आणि पुढे सरका.

'क्रायसिस' (२००७) चा अर्धा गेम अप्रतिम. परग्रहवासी आले की उतार सुरू. नायकाच्या सूटमधला क्लोक (अदृश्य होण्याची सोय) लावून गोळी झाडली की सूटची ऊर्जा क्षणात शून्य होते, म्हणून झाडण्याआधी क्लोक काढा. नव्या एएमडी प्रोसेसरवर त्याची ६४-बिट एक्झी (गेम चालू करणारी फाइल) कोसळते, कारण तिला थ्रीडीनाऊ हा मोडीत निघालेला आदेशसंच हवा असतो, ३२-बिट चालवा.

'हेलो' (२००१) ने दोन बंदुका आणि आपोआप भरणारी ढाल रूढ केली, पण 'लायब्ररी' लेव्हल आजही जीव घेते. 'डूम ३' मध्ये मूळ आवृत्तीत टॉर्च किंवा बंदूक, दोन्हीपैकी एकच. काहींना ते आवडतं. त्या काही लोकांना नमस्कार.

आता 'प्रोजेक्ट आयजीआय' (२०००). नॉर्वेच्या इनरलूपचा हा गेम भारतात घरोघरी पोचला, पण आज खेळायला तो कठीण नाही, कटकटीचा आहे. मिशनमध्ये सेव्ह नाही, अलार्म वाजला की बराकीतून नवे सैनिक बाहेर पडतात. आधी सिक्युरिटी कॉम्प्युटर गाठून कॅमेरे बंद करा, मगच पुढे जा. तेवढा धीर नसेल तर २००३ चा 'आयजीआय २' घ्या. त्यात निदान मोजके सेव्ह मिळतात.