कुत्र्याची अंघोळ: बादली-मग की हँड शॉवर?

कुत्र्याला घरीच अंघोळ घालायची हे ठरलं, शाम्पूही कुत्र्यांचाच आणला, की पुढचा प्रश्न असतो पाणी अंगावर घालायचं कसं. बादलीत पाणी काढून मगाने, की नळाला हँड शॉवर जोडून? आमच्याकडे दोन्ही झालं आहे. आधी एक गावठी कुत्री होती, आता बंड्या आहे, लॅब्रेडॉर. त्यामुळे जे लिहितोय ते या दोघांच्या अनुभवावरून. तुमच्याकडचा कुत्रा वेगळा असेल तर थोडं डावं-उजवं होईल.

बादलीची बाजू कमकुवत अजिबात नाही. पाण्याला एकदा नीट विसण घातलं, कोपर बुडवून कोमट आहे ना बघितलं, की शेवटच्या मगापर्यंत काळजी नाही. गिझरच्या पाण्याचं तसं नसतं. स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला की इकडे पाणी एकदम कढत किंवा गार येतं, आणि एकदा चटका बसला की कुत्रा पुढच्या वेळी बाथरूमच्या उंबऱ्यालाच पाय रोवून बसतो. शिवाय मगाला फुसफुस आवाज नाही. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत किती पाणी गेलं हेही डोळ्यांसमोर राहतं. आमच्या गावठीचे केस आखूड आणि विरळ होते. मगाचं पाणी थेट कातडीपर्यंत पोचायचं, एका बादलीत काम व्हायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून निमूट उभी राहायची. तिच्यासाठी दुसरं काही शोधायची गरजच पडली नाही.

लॅब्रेडॉरचं गणित वेगळं. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ, थोडे तेलकट, पाणी झटकणारे, आणि खाली दाट मऊ लव. मगाने पाणी ओतलं की ते पाठीवरून घसरून सरळ मोरीत जातं. वरून कुत्रा चिंब दिसतो आणि बोटांनी केस फाकवले तर आत कोरडा. चोळून चोळून भिजवता येतो, तेही एक वेळ चालेल.

माझं खरं अडलं ते शाम्पू काढताना. पाणी वरून खाली येतं, त्याबरोबर फेसही खाली येतो आणि काखेत, पोटाखाली, मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो. तिथे मगाने पाणी घालणार कसं? खालून वर फेकावं तर अर्धं आपल्या तोंडावर येतं, आणि पोटावर अचानक सपकारा बसला की कुत्रा दचकून वळतो. एका हाताने त्याला धरायचं, दुसऱ्या हातात मग, मग चोळायला हात उरतो कुठे? मोरीत जाणारं पाणी स्वच्छ दिसायला लागतं, म्हणून झालं असं वाटतं. पण बंड्याच्या पुढच्या पायाच्या काखेत बोट घातलं की बुळबुळीत लागायचंच. तो राहिलेला शाम्पू वाळला की खाज सुटते. कुत्रा तिथेच चाटतो, दातांनी कुरतडतो, केस जातात आणि लाल ओलसर चट्टा पडतो. पावसाळ्यात तो चट्टा लवकर वाळतही नाही. आमच्या डॉक्टरांनी चट्टा बघून आधी शाम्पू कोणता हे विचारलं नाही, तो पूर्ण निघतो का हे विचारलं.

हँड शॉवरने नेमकं हेच सुटलं. त्याचं तोंड लांबून धरायचं नाही, अंगाला टेकवायचं आणि केसांच्या उलट दिशेने हळूहळू सरकवायचं. पाणी मुळाशी शिरतं आणि आतला फेस बाहेर ढकलतं. पोटाखाली तर फक्त मनगट वळवायचं. अंगाला टेकल्यामुळे आवाजही दबतो, त्यामुळे बंड्या मगापेक्षा याला कमी बिचकतो. धुवून झालं का हे बघायची माझी खूण एकच. काखेतल्या केसांवरून ओलं बोट फिरवलं की करकर लागली पाहिजे. मगाने ही करकर मला पाठीवर मिळायची, काखेत क्वचितच. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचा औषधी शाम्पू दिला असेल, तर तो दहा मिनिटं अंगावर ठेवावा लागतो आणि नंतर तितकाच नीट काढावाही लागतो. तिथे हा फरक जास्तच जाणवतो.

हँड शॉवरच्याही अडचणी आहेत. गरम-गार पाणी आधी जुळवून, स्थिर झाल्यावरच कुत्र्याला आत घ्यावं, आणि तेवढा वेळ घरात दुसरा नळ सोडू नका असं सांगून ठेवावं. सुरुवात मागच्या पायांपासून. संडासातला जेट स्प्रे मात्र या कामाला नको. त्याची धार बारीक आणि टोचरी असते. गच्चीवरच्या पाइपाचंही तेच म्हणेन. मे महिन्यात उन्हात पडलेल्या पाइपातून पहिलं पाणी भाजेल इतकं गरम येतं, फरशीने पंजे पोळतात, आणि सुटला की कुत्रा थेट कोपऱ्यातल्या मातीत लोळतो.

डोक्यासाठी मी शॉवर वापरत नाही. ओलं फडकं किंवा हळू ओतलेला अर्धा मग पुरतो. कान लोंबते असले की आत गेलेलं पाणी तिथेच राहतं आणि कान सडायला वेळ लागत नाही, म्हणून कानाच्या तोंडाशी कापसाचा बोळा ठेवतो आणि अंघोळ झाली की आठवणीने काढतो. मानेवर गोचिडांचं औषध टाकलं असेल तर आधी आणि नंतर निदान दोन दिवस अंघोळच नको, मग पद्धत कुठलीही असो.

तेव्हा गावठी, पग किंवा आखूड केसांचा लहान कुत्रा असेल, पिल्लू असेल किंवा कुत्रा आवाजाला फारच घाबरत असेल, तर बादली-मग सोडायचं कारण मला दिसत नाही. लॅब्रेडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन असेल तर मी हँड शॉवरच घेईन. घेताना पाइप दीड मीटरचा बघा, एक मीटरचा मोठ्या कुत्र्याच्या पलीकडच्या कुशीपर्यंत पोचत नाही. आणि मुठीवर बंद-चालूचं बटण असलेला घ्या. शाम्पू चोळताना पाणी तिथल्या तिथे बंद करता येतं, आणि बादलीपेक्षा फार जास्त पाणी जातं ही तक्रारही बरीचशी मिटते.