बेझोस यांचे दोन मार्ग: संस्थांना अनुदान की स्वतःची बालवाडी?

जेफ बेझोस यांनी २०१८ मध्ये २ अब्ज डॉलरचा 'डे वन फंड' जाहीर केला, तेव्हाच त्याच्या दोन वाटा ठरल्या. बेघर कुटुंबांसाठीचा पैसा आधीपासून राबणाऱ्या संस्थांना एकरकमी मिळतो. पहिल्याच वर्षी २४ संस्थांना ९ कोटी ७५ लाख डॉलर गेले. निवारा की घरभाडं, कुठं खर्चायचं हे बरंचसं संस्थाच ठरवते. शिक्षणात मात्र फंड स्वतःच माँटेसरी धर्तीच्या मोफत बालवाड्या चालवतो. पहिली २०२० मध्ये सिएटलजवळ उघडली. दर्जा आपल्या हातात राहतो खरा, पण जागा, शिक्षक, पगार सगळं वर्षानुवर्षं अंगावर. (आणि देणगीदाराचा उत्साह आटला तर?) मला अनुदानच उजवं वाटतं, जरी रक्कम एकदाच येत असली आणि भाडं दरमहा भरावं लागत असलं तरी.