कोंबड्यांच्या पाण्याखालची विजेची बैठक: मिनेसोटातील तीन हिवाळ्यांनंतर

अमेरिकेतल्या मिनेसोटात आमच्या परसात सहा कोंबड्या आहेत आणि जानेवारीत इथले रात्रीचे तापमान कधी कधी उणे 25 अंश सेल्सियसपर्यंत उतरते. पहिल्या हिवाळ्यात मी दिवसातून चार वेळा गरम पाण्याची किटली घेऊन बर्फातून खुराड्यापर्यंत जात असे, आणि परत फिरेपर्यंत भांड्यातल्या पाण्यावर पापुद्रा धरू लागलेला असे. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या भांड्याखाली ठेवायची ही विजेची गोल बैठक साधारण 50 डॉलरला घेतली.

ती 125 वॅटची आहे. आत थर्मोस्टॅट असल्यामुळे गोठण्याइतकी थंडी झाली की ती सुरू होते आणि पुरेशी ऊब आली की आपोआप बंद पडते. अगदी अखंड चालली, तरी 24 तासांत 3 युनिटच वीज लागेल. पाणी कोमट होत नाही, फक्त गोठत नाही, आणि कोंबड्यांना तेवढेच हवे असते. अंड्याचा सुमारे पाऊण भाग पाण्याचा असतो. पाणी मिळेनासे झाले की कोंबडी खाणे कमी करते आणि पाठोपाठ अंडीही घटतात.

बैठक घेण्याआधी खुराड्यात 250 वॅटचा उष्णतेचा दिवा टांगावा, असे मनात होते. तो घेतला नाही याचे मला फार समाधान वाटते, कारण असा दिवा कोरड्या भुशावर पडला तर खुराडे पेटायला वेळ लागत नाही. मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंशांच्या आसपास असते. पिसे फुगवून, रुंद सपाट दांडीवर बसून पायांची बोटे पोटाखाली झाकून घेतली की ती कडाक्याची थंडीही सोसते. तिला खरा त्रास होतो तो ओलीचा. गावाकडे संध्याकाळी कोंबड्या डालून ठेवायच्या, हेच लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे पहिल्या वर्षी मी खुराड्याच्या वरच्या फटीसुद्धा बुजवल्या. श्वासाची आणि विष्ठेची वाफ आतच कोंडली आणि पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबडीच्या उंच तुऱ्याचे शेंडे हिमदंशाने काळे पडले. शेजारीच बसणाऱ्या वायनडॉट जातीच्या कोंबडीचा तुरा डोक्याला चिकटलेला, बसका. त्याला काहीही झाले नाही. तेव्हापासून छताजवळची हवेची वाट मी हिवाळाभर उघडी ठेवते आणि पाण्याची बैठक खुराड्यात न ठेवता बाहेरच्या छप्पर असलेल्या जाळीत, दोन विटांवर ठेवते.

उणिवाही आहेत. वायर फारच आखूड आहे; वाढीव वायरीचा जोड बर्फापासून आणि पाण्यापासून जपावा लागतो, आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या सॉकेटशिवाय मी ही वस्तू कोणालाही लावू देणार नाही. पारा फार खाली गेला की भांड्याच्या पाणी पिण्याच्या पन्हळीच्या बाहेरच्या कडेला बर्फाची पातळ कड धरते, ती सकाळी मोडावी लागते. बैठक धातूच्या भांड्यासाठी आहे, साधे प्लास्टिकचे भांडे तिच्यावर ठेवू नये. भांडे जस्ताच्या मुलाम्याचे असेल, तर पाण्यात व्हिनेगरही घालू नये, कारण आम्लामुळे जस्त पाण्यात उतरते.

चार-पाच कोंबड्यांसाठी आणि जवळ विजेची सोय असेल, तर ती जरूर घ्यावी. खुराडे घरापासून लांब असेल, तर रबराची दोन भांडी आलटून पालटून वापरणे बरे; ती उलटी करून दाबली की बर्फ अख्खा सुटून येतो.