सात महिने शेक आणि सप्लिमेंट: काय उपयोगी पडलं, काय पडून आहे

ऑगस्टमध्ये जिम लावली. वय ४१, वजन ७८, त्याआधी व्यायाम म्हणजे ८:१२ पकडायला पळणं एवढाच. पहिल्या लेग डेच्या दुसऱ्या दिवशी फार काही वाटलं नाही म्हणून मी खुश, आणि तिसऱ्या दिवशी डोंबिवली स्टेशनचा जिना कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरलो, मागून एक आजी म्हणाल्या, "सावकाश रे बाळा." त्या दिवसापासून ह्या नादाला लागलो.

आधी शेक. ऑनलाइन इलेक्ट्रिक हीटिंग पॅड मागवला, हजाराच्या आत. रात्री जेवण झालं की मांड्यांवर पंधरा-वीस मिनिटं. बरं वाटतं हे नक्की, ताठलेपणा सैल पडतो, जिना माणसासारखा उतरता येतो. पण दुखणं मुळापासून जायचं ते दोन-तीन दिवसांनीच जातं, शेक द्या नाहीतर देऊ नका. आमचा ट्रेनर सांगायचा लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं, शेकाने निघतं. तसं नसतं, ते व्यायामानंतर तास-दोन तासांत आपलं आपण निघून जातं, नंतर दुखतं ते सवय नसलेल्या कामाने स्नायूंना बारीक इजा होते म्हणून.

आता माझा गाढवपणा. डिसेंबरात थंडी पडली तसा पॅड कमरेखाली घेऊन झोपायला लागलो, दीड तासाने आपोआप बंद होतो ना, मग काय. महिन्याभराने बायको म्हणाली, "अहो, पाठीवर हे काय?" आरशात बघतो तर तपकिरी जाळी, ओली मच्छरदाणी टेकवून उठवल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही. स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, रोज शेक घेता का? पूर्वी शेकोटीला चिकटून बसणाऱ्यांना व्हायचं म्हणे. शेक बंद केल्यावर फिकट झालीय पण अजून आहे. बाबांना डायबेटिस आहे, पायाला चटका लवकर कळत नाही, त्यांना तर मी पॅडला हातच लावू देत नाही. अजून एक, मुरगळून सूज आली असेल तर पहिले दोन दिवस शेक नको. मी घोट्याला दिला होता, सकाळी बूट चढेना.

आई हे सगळं बघून तव्यावर जाडं मीठ गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधून देते. सारखी गरम करावी लागते ही कटकट आहे, पण झोपेत भाजायची भीती नाही. हल्ली मी तीच घेतो.

सप्लिमेंटमध्ये टिकलं एकच, साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे व्यायामात जोर मिळावा म्हणून घेतात ती पावडर, बिनफ्लेवरची. रोज ३ ते ५ ग्रॅम, कोमट पाण्यात नीट विरघळतं, गार पाण्यात तळाशी रेती बसते. लोडिंगच्या, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस जास्त डोस घ्यायच्या, भानगडीत पडलो नाही. आम्ही पक्के शाकाहारी, आणि क्रिएटिन खाण्यातून मिळतं ते मुख्यतः मांस-मासळीतून, म्हणून असेल पण महिन्याभरात सेटमधले शेवटचे दोन रेप (वजन उचलायच्या फेऱ्या) निघायला लागले. दुखणं कमी झालं असं मात्र मी म्हणणार नाही. वजन दीड किलो वाढलं, ते बहुतेक स्नायूंत धरलेलं पाणी. आणि हो, वार्षिक चेकअपला क्रिएटिनिन, म्हणजे किडनी तपासायचा रक्तातला आकडा, १.४ आलं, घरात रडारड व्हायची बाकी होती. डॉक्टरांना डबा दाखवला, तीन आठवडे बंद ठेवून परत तपासलं, १.१. तेव्हा क्रिएटिन घेत असाल तर तपासणीला रक्त द्यायच्या आधीच सांगून ठेवा.

मॅग्नेशियम दोन महिने घेतलं, पोट सैल झालं, बाकी काही कळलं नाही. व्हे, म्हणजे दुधापासूनची प्रोटीन पावडर, चालू आहे, एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन, वरण-भाताने तेवढं गाठायचं म्हणजे पातेलं संपवावं लागेल. ट्रेनरने गळ्यात मारलेलं बीसीएए, म्हणजे तीन अ‍ॅमिनो अ‍ॅसिडची (प्रोटीनच्या घटकांची) पावडर, मात्र शुद्ध फसवणूक, ती तिन्ही अ‍ॅमिनो अ‍ॅसिड व्हेमध्ये असतातच. दोन हजाराला पडलं, चव कफ सिरपची. पाऊण डबा फ्रिजवर पडून आहे, बायको रोज विचारते टाकू का.