फिश फाइंडर घ्या, पण मासे शोधायला नव्हे

पाण्यात ध्वनिलहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र म्हणजे फिश फाइंडर. छोट्या होडीवर बसवलेला 50 आणि 200 किलोहर्ट्झचा हा फिश फाइंडर हंगामभर वापरला. आधी एक काम करा: स्क्रीनवर दिसणारी माशांची चित्रं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. बुडबुडे असोत की जेलीफिश, यंत्र मासा काढून मोकळं होतं. कच्चा प्रतिध्वनी वाचायला शिकलात तर दिसतं बरंच. तरीही लेपासारखा तळाला चिकटलेला मासा तळाच्याच रेषेत मिसळतो आणि पाकट, मुशी यांना हवेची पिशवीच नसल्यामुळे त्यांचा प्रतिध्वनी फिका येतो.

मी मात्र तो घेतला खोलीच्या आकड्यासाठी. माझं काम पकडीच्या नोंदी ठेवण्याचं. जाळ्यात काय आलं ते मच्छीमार चोख सांगतात. किती पाण्यात, विचारलं की ‘नेहमीच्याच जागी’. आणि उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर तर सगळी मेख खोलीतच आहे. तांबोशीची पिल्लं खाडीत, खारफुटीच्या मुळांत वाढतात आणि मोठी होतील तशी खोल पाण्याकडे सरकतात. म्हणजे 10 मीटरवरची होडी आणि 50 मीटरवरची होडी एकाच माशाच्या दोन वयांवर जगतात. त्यात कोळंबीमागे ट्रॉलर उथळ पाण्यात शिरला की पिल्लंही जातात आणि छोट्यांची जाळीही फाटतात. असल्याच भांडणांपायी इंडोनेशियानं 1980 मध्ये जावा-सुमात्राभोवती ट्रॉलिंग बंद केलं. नोंदीत खोली नसेल तर कुठला पट्टा कोणासाठी राखायचा, हे ठरवणार कशावर?

त्या कामाला यंत्र उत्तम. 200 वर ठेवा. 50 ची लहर मऊ चिखलात शिरते आणि आकडा जास्त दाखवते. खाली पसरत जाणाऱ्या लहरीचा शंकू 20 अंशांचा, म्हणजे 30 मीटर खाली साधारण 10 मीटर रुंदीचा तळ एकदम वाचला जातो. उताराच्या खडकाळ जागी म्हणूनच आकड्यावर फार विसंबू नका.

चिडचिड दोन गोष्टींची. भर दुपारी स्क्रीन दिसतच नाही, आणि नोंद साठवताना भरती-ओहोटी धरली जात नाही. उधाणाच्या भरतीला घेतलेली खोली ओहोटीच्या आकड्याशेजारी तशीच मांडली तर तक्ता वाया गेला म्हणून समजा. वेळ लिहून ठेवा, घरी येऊन भरतीच्या तक्त्यावरून वजाबाकी करा. एवढ्या किमतीच्या यंत्रानं ती स्वतः करायला हवी होती. एक तारा त्याचा कापला.