ओढ्याकाठची जमीन: कॅलिफोर्नियात घ्यावी की कोलोरॅडोत?

बे एरिया किंवा डेन्व्हरमध्ये स्थिरावलेली बरीच मराठी मंडळी डोंगरात पाच-दहा एकर शोधत असतात. जाहिरातीत ‘जमिनीतून ओढा वाहतो’ असं लिहिलेलं असतं. या एका वाक्याला कॅलिफोर्नियात थोडीफार किंमत आहे, कोलोरॅडोत जवळजवळ शून्य.

कॅलिफोर्नियात जमीन ओढ्याला लागून असेल तर रायपेरियन, म्हणजे काठाचा हक्क जमिनीबरोबर येतो. परवाना लागत नाही, पाणी वापरलं नाही म्हणून हक्क बुडत नाही. टंचाईत सगळे काठकरी तूट वाटून घेतात, साधारण आपल्याकडच्या पांझराकाठच्या फड पद्धतीसारखी. पण पाणी त्याच जमिनीवर आणि त्याच पाणलोटात वापरायचं. आणि ते साठवता येत नाही: टाकीत किंवा तळ्यात तीस दिवसांपेक्षा जास्त धरून ठेवलं की तो साठा ठरतो, आणि साठ्याला वेगळा हक्क लागतो. अडचण इथेच येते. एप्रिल-मे महिन्यांत बर्फ वितळून ओढा फुगतो, तेव्हा बागेला पाणी नको असतं. सप्टेंबरमध्ये हवं असतं, तेव्हा ओढ्यात गोटे.

घरापुरतं साठवायचं असेल तर राज्याच्या जलमंडळाकडे लहान घरगुती वापराची नोंदणी करता येते. थेट उपशाला दिवसाला 4,500 गॅलन (सुमारे 17,000 लिटर), साठवणुकीला वर्षाला 10 एकर-फूट ही मर्यादा. एक एकर-फूट म्हणजे जवळपास सव्वाबारा लाख लिटर, त्यामुळे घर आणि परसबागेला हे भरपूर झालं. काठाचा हक्क असला तरी उपशाची माहिती मंडळाला कळवावीच लागते, आणि वर्षाला 10 एकर-फुटांहून जास्त उचललं तर मोजमापाचं साधन बसवावं लागतं. ओढ्याच्या पात्रात काहीही बांधण्याआधी मत्स्य व वन्यजीव विभागाला कळवा. दोन दगड रचून पाईप टाकला, एवढंसुद्धा त्यांच्या दृष्टीने पात्रातला बदल असू शकतो.

खरेदीखत मात्र मागपर्यंत वाचा. कधीकाळी मोठ्या जमिनीचे तुकडे पाडताना तुमचा भाग ओढ्यापासून तुटला असेल आणि हक्क खतात राखून ठेवला नसेल, तर तो गेला. पुढे मधला प्लॉट विकत घेऊन जमीन पुन्हा काठाला जोडली तरी परत येत नाही.

कोलोरॅडोत काठाचा हक्क नावाची गोष्टच नाही. 1882 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली. तिथे तारीख चालते: ज्याने आधी पाणी कामाला लावलं त्याचा नंबर आधी. टंचाईत तूट वाटली जात नाही. ज्येष्ठ हक्कदाराने ‘कॉल’ टाकला, म्हणजे आपलं पूर्ण पाणी मागितलं, की कनिष्ठाची मोरी (पाणी आत घेणारं दार) बंद, मग त्याच्या अंगणातून पाणी खळखळत का जाईना.

हा नियम शहरालाही लागू आहे. डेन्व्हर डिलन धरणातून ब्लू नदीचं पाणी सुमारे 23 मैलांच्या रॉबर्ट्स बोगद्याने डोंगरापलीकडे नेतं. त्या हक्काची तारीख 1946. खाली कोलोरॅडो नदीवर शोशोन वीजकेंद्राचा 1902 चा, सेकंदाला 1,250 घनफुटांचा हक्क आहे. त्याचा कॉल लागला की वरच्या कनिष्ठांबरोबर डेन्व्हरलाही हात आवरावा लागतो. एखाद्या शेतकऱ्याकडे 1880 ची तारीख असेल तर कागदावर तो शहराच्या वर बसतो. म्हणूनच शहरं असे जुने हक्क शोधून विकत घेतात आणि मागे राहतं कोरडं रान.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस शहराला तारखेने नव्हे तर सार्वजनिक विश्वस्ततेच्या तत्त्वाने अडवलं, म्हणजे नद्या-सरोवरं राज्य जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं या तत्त्वाने. या शहराने 1941 पासून मोनो सरोवराचे चार ओढे वळवले आणि सरोवर सुमारे 45 फूट उतरलं. 1983 च्या निकालानंतर, 1994 मध्ये उपशाला सरोवराच्या (समुद्रसपाटीपासूनच्या) पातळीनुसार मर्यादा पडली: 6,377 फुटांच्या खाली काहीच नाही, 6,380 पर्यंत वर्षाला 4,500 एकर-फूट, 6,391 पर्यंत 16,000. म्हणजे परवाना हातात असला तरी तिथे तो कायमचा गोठलेला नसतो. तुमचासुद्धा.

निवड करायची तर उपयोगावरून करा. घर आणि थोडी बाग एवढंच हवं असेल तर कॅलिफोर्नियाचा काठ आणि सोबत ती लहान नोंदणी, हे स्वस्त आणि पुरेसं. कोलोरॅडोत त्यासाठी ओढा विसरा आणि 35 एकर किंवा त्याहून मोठा प्लॉट पाहा: साधारणपणे घरगुती विहिरीचा परवाना मिळतो आणि एक एकरापर्यंत बाग भिजवता येते. पाच एकर घेतलेत तर बहुतेक ठिकाणी फक्त घरातला वापर. अंगणातलं झाडसुद्धा त्या पाण्यावर नाही.

फळबाग लावायची असेल तर मात्र मी कोलोरॅडो म्हणेन, पण पाट कंपनीच्या (शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या कालव्याच्या कंपनीच्या) जुन्या शेअरसकट; शेअर म्हणजे त्या पाण्यातला वाटा. पाण्याचा हक्क तिथे जमिनीपासून वेगळा विकला जातो आणि टायटल इन्शुरन्समध्ये, म्हणजे मालकीहक्काच्या विम्यात, सहसा धरलेला नसतो. शेअर सर्टिफिकेट पाहा, कंपनीच्या वहीत विक्रेत्याचंच नाव आहे का ते विचारा, आणि मागच्या दहा वर्षांच्या वापराच्या नोंदी मागा. दहा वर्षं न वापरलेला हक्क सोडून दिला असं धरलं जातं, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर.

मग पाटावर जाऊन पार्शल फ्ल्यूम, म्हणजे वाहतं पाणी मोजायची अरुंद गळ्याची नाळ, बघा. थंडीत जमीन फुगून तो कलला असेल तर पट्टीवरचा आकडा चुकतो, आणि खालच्या बाजूला गवत-गाळ साचून पाणी मागे तुंबत असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणजे वहीत तुम्हाला पूर्ण पाळी मिळालेली असते आणि शेवटच्या ओळीतली झाडं सुकत असतात.